राखेतले रनर

नाशिक रोड,
३ फेब्रुवारी

प्रिय सुयश,

तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. तू रागावला नसशील, काळजीत असशील. मला बरं आहे. पप्पांनाही बरं आहे. थंडी यंदा फार पडली, निफाडकडे पारा पाचावर गेला होता, तरी त्यांचं पहाटेचं फिरणं चुकत नाही. प्रेसमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पहिल्या पाळीची सवय काही गेली नाही. फिरून आले की चहा घेताना पेपरमागून विचारतात, सुयशचं काय म्हणणं आहे. मी म्हणते, कामात आहे. मग ते पान उलटतात.

फोन मी मुद्दामच घेतला नाही. तू बोलायला लागलास की मला तुझं पटत जातं. फोन ठेवून दहा मिनिटं झाली की लक्षात येतं, आपल्याला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. असं गेल्या महिन्यात एकदा झालं, आणि त्याचा फटका तिसऱ्याच माणसाला बसला. म्हणून हाताने लिहिते आहे. संध्याकाळी पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. माझं अक्षर तुला पहिल्यापासून हळूहळूच लागतं. आज ते बरं आहे, तू हळूहळूच वाच.

इचलकरंजीची प्रयोगशाळा आठवते का? तिसऱ्या वर्षाला सरांनी आपल्याला पाणीरोधक लेप दिलेलं कापड दाखवलं होतं. ड्रॉपरने थेंब टाकला, तो पाऱ्यासारखा गोल राहिला, घरंगळत टेबलावर गेला, आणि मागे कापड कोरडं ठणठणीत. सगळ्या वर्गाने तो खेळ पुन्हा पुन्हा करून पाहिला. आपण दोघांनी मग तोच प्रकल्प घेतला. पन्नास धुण्यांनंतर लेप किती उरतो ते मोजायचं. रविवारी सगळे सिनेमाला जायचे आणि आपण वॉशिंग मशिनपुढे वह्या घेऊन बसायचो. एकदा तू पाइपमधून जाणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणालास, कापडावरून गेलेला लेप जातो कुठे? सरांना विचारलंस तेव्हा ते म्हणाले, तो आपला विषय नाही. तू हॉस्टेलवर येऊन दोन दिवस धुमसत होतास. तो मातीत जातो, पाण्यात जातो, माणसाच्या रक्तात जातो आणि शेकडो वर्षं मोडत नाही, हे आपण नंतर वाचलं. पण प्रश्न आधी तुला पडला होता, वर्गात फक्त तुला. तुझ्यावर माझा जीव का जडला असं हॉस्टेलवरची पायल मला अजून विचारते. तिला हे सांगितलं तर ती हसेल. पण खरं कारण तेच आहे.

मग तू म्युनिकला गेलास. मी वर्षभरात येते म्हणाले, आणि मग पप्पांचा आजार निघाला. त्यानंतर तू विचारणं सोडलंस आणि मीही. सहा वर्षं आपण एकमेकांना वाढदिवसाचे संदेश पाठवत राहिलो. नोव्हेंबरात तू कामासाठी चार दिवस आलास, आणि आपण गंगापूर रोडवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चाललो, कारण कुठल्याही हॉटेलात बसलो असतो तर समोरासमोर बघावं लागलं असतं. तू सांगितलंस की तुमच्या कंपनीच्या जॅकेटांचं पर्यावरणाच्या दृष्टीने मूल्यमापन आमच्या ऑफिसकडे येणार आहे. म्हणालास, ते एकदा होऊ दे, अंजू, मग आपण बोलू. काय बोलू, ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण घरी आल्यावर पप्पांना माझ्या चेहऱ्यावरून काय कळलं कोण जाणे, पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझा संपत आलेला पासपोर्ट कपाटातून काढला आणि स्वतः फॉर्म भरून नवा करून घेतला.

फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी आमच्या प्रमुख उज्वला मॅडमना सांगायला हवं होतं. ज्या कंपनीला गुण द्यायचे तिथल्या कोणाशीही ओळख असेल तर आधी सांगायचं, हा आमचा पहिला नियम. मॅडमनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणी ओळखीचं? मी नाही म्हणाले. सुयश, या पत्रात तुझ्याबद्दल बरंच येणार आहे, म्हणून माझी चूक आधी लिहून ठेवते. सुरुवात माझ्या खोटेपणापासून झाली.

पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. तरी माझ्या क्रमाने सांगते, मला ते एकदा सरळ मांडायचं आहे.

तुमची जॅकेटं शिवणारा कारखाना मला आवडला. सिन्नरच्या अलीकडे, हायवेपासून आत. नाशिक रोडहून शिंदे-पळशावरून बसने तासाभरात पोचते. व्यवस्थापक खंडेराव हे आमच्याकडच्या कितीतरी साहेबांपेक्षा सरळ माणूस. टेलरच्या हाताखाली काजं करत करत वर आलेले. त्यांनी छतावरचं सोलर दाखवलं, रंगाचं पाणी शुद्ध करून झाडांना देतात ते दाखवलं, बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर दाखवलं. म्हणाले, मॅडम, हे दाखवायला केलेलं नाही, वापरायला केलंय. आणि ते खरं होतं. कापड जुन्या बाटल्यांपासूनच येतं, मी पार सुतापर्यंत कागद तपासले. जॅकेटची चेन बिघडली तर ती बदलता येते, कोपर फाटलं तर ठिगळाची सोय आहे, शिवण मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. नव्या लेपात जुन्यातलं ते न मोडणारं फ्लोरिन नाही. त्यावर थेंब जुन्याइतका देखणा घरंगळत नाही, जरा रेंगाळतो, पण आत शिरत नाही. मला इचलकरंजी आठवली आणि वाटलं, तू तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच तयार केलंस. त्या दिवशी बसमधून येताना मी फार खुशीत होते.

बॉयलरला कोळशाऐवजी भुशाच्या कांड्या वापरतात, त्याचे वेगळे गुण. ते द्यायचे तर राखेचा नमुना घ्यावा लागतो. चौथ्या दिवशी मी मागे बॉयलरवर गेले. तिथे बुधा नावाचा माणूस होता, सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, अंगाने किडकिडीत, डोळे लालभडक. त्याने फावड्याने माझ्या पिशवीत राख टाकली तेव्हा टण्ण असा आवाज आला. तो म्हणाला, खडा असंल. मी हात घालून काढला तर तो चेनीचा रनर होता. काळा पडलेला, पण त्यावरचा तुमच्या कंपनीचा छाप वाचता येत होता. मी चाळणी मागितली. एका घमेल्यात तेवीस निघाले. बुधाला विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, दिवाळीपासून गठ्ठे येत्यात, बाई. कापडाची रद्दी हाय म्हणतात. टाकलं की काळा धूर सुटतो, घशाला लागतो, डोळं चुरचुरत्यात. जाळ म्हणलं, जाळलं.

ऑफिसात येऊन मी खरेदीचे कागद मागवले. एका जॅकेटला पाच रनर लागतात. किती रनर आले, किती जॅकेटं बाहेर गेली, किती रनर शिल्लक. हिशोब काही जुळेना. छत्तीस हजार रनर कुठेच नव्हते. म्हणजे सात हजार दोनशे जॅकेटं शिवून झाली आणि नाहीशी झाली. मी खंडेरावांना विचारलं. त्यांनी पाण्याचा पेला भरला, प्यायले नाहीत, तसाच ठेवला आणि म्हणाले, चला.

पॅकिंगच्या मागे एक खोली आहे, नकाशात तिच्यावर भांडार लिहिलेलं. आत दोन बायका बसल्या होत्या. एकीकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतली कोरी जॅकेटं, लाल, निळी, मोहरीच्या रंगाची, लेबलं लटकलेली. दुसरीकडे कापलेली. कुसाबाई नावाची पन्नाशीची बाई, अंगठ्याला चिंधी बांधलेली, पिशवीतून जॅकेट काढायची, पालथं टाकायची आणि कॉलरपासून खालपर्यंत एका दमात कटर ओढायची. आतला पांढरा कापूस फुलून वर यायचा, तिच्या केसांत बसायचा. मी विचारलं, पाठच का कापता? ती मान वर न करता म्हणाली, बाही कापली तर माणूस शिवून घालतं, बाई. पाठ फाडली म्हंजी कायच करता येत नाय.

मग तिने मला विचारलं, हे घालून तिकडं काय करतात. मी सांगितलं, बर्फाचे डोंगर असतात, पायाला लांब फळ्या बांधून लोक वरून घसरत खाली येतात. ती पहिल्यांदा थांबली. म्हणाली, मुद्दाम? मी हो म्हटलं. ती हसली, दुसरीही हसली. मग कुसाबाईने सांगितलं, तिचा नवरा पहाटे कांद्याला पाणी भरायला जातो, कारण वीज तेव्हाच येते. पाय चिखलात, अंगावर एक स्वेटर. तिने एक जॅकेट मागून पाहिलं होतं. मिळालं तर नाहीच, उलट दुसऱ्या दिवसापासून फाटकावर झडती सुरू झाली. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज भाजी महाग आहे, अशा सुरात सांगितलं, आणि पुढचं जॅकेट पिशवीतून काढलं.

ती सगळी जुन्या लेपाची होती. या वर्षापासून आमच्या मालात फ्लोरिनचा एक कणही नाही, असं तुमच्या कंपनीने जाहीर केलंय. मग आधी शिवून ठेवलेला माल कुठे दिसायला नको. जुना लेप वाईट, तो बाजारात जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण तो नष्ट करायचा तर प्रचंड उष्णतेच्या भट्टीत, परवानगी काढून, नोंद ठेवून. साध्या बॉयलरच्या आचेत तो जळत नाही, धुरातून पसरतो. बुधाच्या घशात, आजूबाजूच्या टोमॅटोवर, विहिरीत. हे तुला मी शिकवायला नको. आपण दोघांनी हे एकाच पुस्तकातून वाचलंय.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी एक वाजता मी तुला फोन केला. कारखान्याच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली उभी राहून. ऑफिसला सांगायच्या आधी तुला सांगितलं. मला वाटलं, तुला माहीतच नसेल, तुला धक्का बसेल, आणि आपण मिळून काय करायचं ते ठरवू. राख, रनर, खोली, बुधा, सगळं सांगितलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालास, अंजू, तू चालू मालाचं मूल्यमापन करते आहेस, जुना माल तुझ्या कक्षेतच येत नाही. म्हणालास, मी इथून बघतो काय झालंय ते, तू तुझा अहवाल पूर्ण कर. आणि फोन ठेवताना म्हणालास, मार्चमध्ये इथे बर्फ असतो अजून, तुला बघायला मिळेल. मला पटलं, सुयश. घरी आले आणि अहवाल लिहिला. त्या खोलीशिवाय. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण. बॉयलरचे गुणही पूर्ण दिले. तो अहवाल आठवडाभर माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता. मॅडमना देण्याआधी मी रोज तो उघडायचे, एखादा स्वल्पविराम बदलायचे आणि बंद करायचे.

बावीस तारखेला शेवटच्या सह्यांसाठी कारखान्यात गेले. बॉयलरवर नवीन माणूस होता. खंडेराव माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, बुधाने ते गठ्ठे परस्पर जाळले, कांड्या वाचवायला. त्याला सोमवारी काढून टाकलं. तुमच्या अहवालात तसं लिहा मॅडम, एका कामगाराची चूक होती, दुरुस्त झाली. मी सह्या घेतल्या. बाहेर पडले तर जेवणाच्या सुट्टीत कुसाबाई फाटकाशी उभी होती, हातात डबा, अजून उघडलेला नव्हता. ती म्हणाली, सात वरीस होता तो हितं. तुम्ही इचारलं आन् तो गेला. एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. मग तिने मला त्याच्या खोलीचा पत्ता सांगितला, दोनदा सांगितला, मी चुकू नये म्हणून.

शनिवारी त्याच्याकडे गेले. पत्र्याची खोली, दारात तुळस, त्याची मुलगी उंबऱ्यात बसून गणितं सोडवत होती. बायकोने मला पाटावर बसवून गुळाचा चहा दिला. बुधा खोकत होता. मी माफी मागितली तर तो गोंधळला, त्याला ती कशाबद्दल हेच कळेना. मग त्याने रेशनकार्डाच्या पिशवीतून एक कागद काढला. दिवाळीत गठ्ठे यायला लागले तेव्हा हा कागद बॉयलरच्या भिंतीला चिकटवला होता, कोणी विचारलं तर दाखव म्हणून. काढून टाकलं त्या दिवशी त्याने तो नखाने सोडवून बरोबर आणला. इंग्रजी त्याला येत नाही. म्हणाला, माझा गुन्हा नाय, हे त्यात लिवलेलं असंल, म्हणून आणला. बघा बरं लिवलंय का.

तो ईमेल होता, छापून काढलेला. मी त्याला मराठीत वाचून दाखवला. जुन्या लेपाचा सगळा माल कापून कारखान्यातच नष्ट करावा. मूल्यमापन सुरू होण्याआधी काम संपवावं. कचऱ्याच्या नोंदवहीत लिहू नये. बुधा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, त्याला बरं वाटत होतं. शेवटी त्याने विचारलं, सही कोणाची हाय? मी म्हटलं, परदेशातल्या एका साहेबांची. नाव मी त्याला वाचून दाखवलं नाही. ते काय होतं, ते तुला लिहायला नको.

येताना बसमध्ये मी तुला माफ करत आले, हे तुला कळावं असं मला वाटतं. शिंदे गाव येईपर्यंत मी तुझी सगळी बाजू मांडून टाकली होती. तुमच्या कंपनीने जाहीर करून टाकलं होतं, तारीख जवळ आली होती, नीट भट्टीत पाठवायचं तर महिने लागले असते. दमलेल्या माणसाने ऑफिस सुटता सुटता पाच ओळी लिहून टाकल्या असतील. माणूस असं करतो. मीसुद्धा नाही का, फाइल आली तेव्हा एक शब्द खोटा बोलले. मी ठरवलं, कागद अहवालात जाईल, पण मी तुझ्या बाजूने जेवढं खरं असेल तेवढं सगळं लिहीन.

मंगळवारी आम्ही खंडेरावांकडे गेलो, मी आणि बुधा. कुसाबाई अर्धा दिवस खाडा करून स्वतःहून आली. मी तिला बोलावलंही नव्हतं. मला वाटलं होतं, कागद बघून ते चिडतील. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, बुधाकडे बघितलं आणि मला म्हणाले, हा मला पाठ आहे, मॅडम. मग स्वतःच सांगायला लागले. संक्रांतीच्या दिवशी दुपारी दोन वाजता म्युनिकहून साहेबांचा फोन आला. म्हणाले, मॅडमना राखेत रनर सापडलेत, बॉयलरवरच्या माणसाचं नाव बुधा आहे ना, सगळं त्याच्यावर ढकला, चार महिन्यांनी परत कामावर घेता येईल. खंडेराव म्हणाले, साहेब त्या पदावर नवीन आहेत, त्यांचं नाव जायला नको म्हणून मी गप्प बसलो. बुधा त्यांना म्हणाला, जाऊ द्या साहेब, तुमी तरी काय करणार. यावर त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं.

दोन वाजता, सुयश. मी तुला एक वाजता फोन केला होता. बुधाचं नाव तुला माझ्याकडूनच कळलं.

त्या ईमेलवर मी रडले होते. हे कळल्यावर रडू आलं नाही. बुधवारी सकाळी उज्वला मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि इचलकरंजीपासून पासपोर्टपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला, की त्या एक्क्याण्णवच्या अहवालाची प्रत आहे का. मी दिली. त्यांनी फाइल माझ्याकडून काढून घेतली. पुण्याहून तृप्ती नावाच्या मूल्यमापक बाई आल्या, पाच दिवस राहिल्या, सगळं पहिल्यापासून तपासलं. सोलरचे, शिलाईचे, कापडाचे गुण त्यांनी तसेच ठेवले, ते खरेच होते. एकूण अठ्ठावन्न झाले. मला वर्षभर कुठलंही मूल्यमापन करता येणार नाही, मी फक्त नमुने तपासायचे. मॅडम म्हणाल्या, उशीर केलास, पण आलीस. खंडेरावांनी लेखी जबाब दिलाय. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत, ती राहतील की नाही त्यांना माहीत नाही. बुधाला त्यांनी एक तारखेपासून पुन्हा कामावर घेतलं, बॉयलरवर नाही, पॅकिंगमध्ये, आणि मागच्या सात वर्षांची नोकरी तुटलेली नाही असं कागदावर लिहून दिलं. तो कागदही मी त्याला वाचून दाखवला, या वेळी नावासकट. त्या मागच्या खोलीत आता काही नाही. कुसाबाई शिलाईच्या ओळीवर बसते. काल मला म्हणाली, हात अजून कटर ओढल्यागत सरळ जायला बघतो.

अहवाल आज सकाळी दहा वाजता आमच्या मुख्य कार्यालयाकडे गेला. तुमच्या कंपनीला तो बारा तारखेला मिळेल, तोवर म्युनिकमध्ये कोणाला त्यातलं काही माहीत नाही. अहवाल गेल्यावर तुला कळवलं तर चालेल, असं मॅडमनी मला स्पष्ट सांगितलंय, कारण आता त्यातला एक शब्दही हलणार नाही. म्हणजे नऊ दिवस तुझे आहेत. हे पत्र त्या नऊ दिवसांसाठी लिहिलंय. बारा तारखेला तुझं नाव त्यांना माझ्या ऑफिसच्या कागदावरून कळण्याआधी तू स्वतः वरिष्ठांपुढे जा आणि सांग की ईमेल माझा होता, फोनही माझा होता. आणि बुधाची छाती, त्या परिसरातली माती आणि विहिरी कंपनीने तपासून घ्यायला हव्यात, हे तूच मांड. अहवालातून गेलं तर तो एक मुद्दा होईल. तुझ्या तोंडून गेलं तर त्यांना ते करावं लागेल. तुझी नोकरी जाईल बहुतेक. ते मला दिसतंय, आणि तरीही मी हे मागते आहे. नोव्हेंबरात तू जे विचारलं नव्हतंस त्याचं उत्तरही आजच देऊन टाकते. मी मार्चमध्ये येणार नाही, आणि नंतरही नाही. तू खरं सांगितलंस तरी येणार नाही. हे आधी लिहिते, नाहीतर मी तुझ्याशी सौदा करते आहे असं तुला वाटेल. मला तुझ्याकडून माझ्यासाठी काहीच नको आहे. तू खरं बोलायला हवंस, एवढंच.

बारा तारखेपर्यंत तुझ्याबद्दल कोणाचंही वाईट ऐकून न घेणारी,
अंजली